रंभेच्या चाकाचे बारावे बुश

आखातातल्या हमरियाच्या गोदीत अठ्ठावीस वर्षे फिटरकी केलेला दगडू शुक्रवारी कायमचा कोकणात परतणार होता. त्यापूर्वी गुरुवारच्या ट्रायलला ‘रंभे’चे चाक फिरताना पाहावे, एवढी एकच इच्छा त्याच्या मनात उरली होती. शंभरी ओलांडलेली ती वाफेची बोट. दोन्ही कुशींना फळ्यांची प्रचंड चाके, जी पाणी घुसळीत तिला पुढे नेत. समुद्रमंथनातून वर आलेल्या अप्सरेचे नाव जिला लाभले, ती दोन वर्षे निश्चल पडून होती.

चाकाची प्रत्येक फळी लाकडी बुशात, म्हणजे आतून पोकळ नळकांड्यात, फिरते. ते लाकूड इतके जड, की पाण्यात बुडते. त्याला वंगण नको, पाणीच पुरते. मोडीत काढलेल्या एका जहाजाच्या तसल्याच लाकडातून दगडूने अकरा बुशे कातली. बारावे कमी पडले.

“दगडूकाका, मटेरियल यायला दहा दिवस लागणार,” इंजिनियर सुमेधा म्हणाली. “ट्रायल पोस्टपोन करू का?”

“उद्या सांगतो,” दगडू म्हणाला. त्याच लाकडाचा एक ठोकळा त्याच्या खोलीत होता. त्याचे दिवंगत गुरू धनंजय मिस्त्री यांनी दिलेला. अठरा वर्षे त्याने तो बादलीतल्या पाण्यात सांभाळला होता आणि दर खंडेनवमीला हत्यारांच्या पंक्तीत मांडून त्याला हळदकुंकू वाहिले होते. “लाकडाला रोज अंघोळ, अन् स्वतःला शुक्रवारी!” असे खोलीतला वेल्डर अरुण त्याला चिडवी.

संध्याकाळी दगडूने बांधलेली बॅग उघडली आणि ठोकळा बाहेर काढला. कपडे भिजू नयेत म्हणून चार दिवसांपूर्वी त्याने ठोकळा कोरडा पुसून कागदात गुंडाळला होता. एसीच्या हवेत त्याला तडा गेला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने तो सुमेधेपुढे ठेवला. “अठरा वर्षं जपलं, आणि चार दिवसांत मीच फाडलं.”

तिने तडा मापला. “क्रॅक कडेलाच आहे, काका. उरलेल्यात एक बुश निघेल. पण ही तुमच्या मिस्त्रींची आठवण. तुम्हीच ठरवा.”

“ठरवायचं काय, मॅडम? मिस्त्रींनी देव नव्हता दिला, सामान दिलं होतं. पूजा मी सुरू केली.”

लेथवर त्याने बुश कातले. पाण्यात लाकूड फुगते, त्याला श्वासापुरती जागा ठेव, ही मिस्त्रींची शिकवण स्मरून त्याने आतून केसभर अधिक कोरले.

गुरुवारी वाफ चढली. चाक कण्हले, क्षणभर थबकले आणि फिरू लागले. बारावी फळी पाण्यात शिरली, निथळत वर आली, पुन्हा शिरली.

“मिस्त्री, चाललं हो,” दगडू पुटपुटला आणि त्याने चाकाला हात जोडले.

निघताना तडकलेला तुकडा त्याने ओल्या टॉवेलात गुंडाळून बॅगेत ठेवला.

“दगडूभाऊ, कपडे भिजतील की!” अरुण म्हणाला.

“भिजू देत.”