अण्णांची दारातली खुर्ची

आमच्या गावची ग्रामसभा माझ्याबिगर भरत न्हवती. म्हंजे मी सरपंच न्हाई का मेंबर न्हाई; माणसं जमावीत म्हनून मला पुढं उभं करून नकला करायला लावायचे. शाळेत बी मी गेलो तेवढा मास्तरांची नक्कल करायलाच, म्हनून आता हे मी बोलतोय अन् सूनबाई लिहून घेतीया.

मला उभं करनारे मुरलीअण्णा. यष्टीत कंडक्टर हुते, रिटायर होऊन गावात आल्याले. दीड-दोन महिन्यांमागं झोपेतच गेले... मी पळत पारावर जाऊन सांगितलं, "अण्णा गेले!" तर समदे हसाया लागले. एक जन म्हनला, "रडायची नक्कल लई भारी जमली रं!" जन्मभर नकला केल्या, त्या तवा अंगलट आल्या. मी डोळे पुसतोय अन् लोकं टाळ्या वाजवत्यात.

अण्णांचा जीव शाळेत अडकला हुता. तिसरी-चौथीच्या खोलीचं छत गळतंय, पोरं देवळाच्या ओट्यावर बसत्यात, अन् ज्याला परवडतंय त्याचं पोरगं पिवळ्या गाडीत बसून तालुक्याला, राहात्याला, इंग्रजी शाळेत. अण्णा म्हनायचे, "पट असाच उतरला तर एक दिवस वरनं कागद यील, शाळा बंद." पंचायतीकडं पैसा हुता, पन सरपंचाला गावाच्या तोंडाशी कमान पायजे हुती. आता ग्रामसभेला माणसं कमी पडली की सभा तहकूब; अन् तहकूब झाल्याली सभा परत भरली की तिथं कितीबी माणसं चालत्यात. चार टाळकी बसून काय बी मंजूर. म्हनून अण्णांनी डाव मांडला. मी नकला करून माणसं शाळेच्या दुसऱ्या, धड खोलीत ओढायची, अन् अण्णा घडीची लोखंडी खुर्ची टाकून दारातच बसायचे. कुनी उठला की विचारायचे, "कुठं?"

"म्हशीला पानी दावायचंय, अण्णा."

"बस खाली. स्टॉप आला न्हाई अजून."

एकदा मीच सटकत हुतो, तर म्हनले, "तू काय पासवाला हायस व्हय?" असं दार अडवून अडवून त्यांनी ठराव करून घेतला, आधी शाळेची खोली, मंग कमान. काम चालू व्हायच्या आत गेले.

पुढच्या सभेला कमानीचा विषय परत निघाला. मी म्हनलं, आता अण्णांचं काम आपन करायचं. खुर्ची दारात मांडली, अन् पुढं उभं राहून पयल्यांदाच अण्णांची नक्कल केली. ती खाकी चाल, तो "पुढं सरका"... लोकं पोट धरून हसली, दोघं-तिघं रडली. माझ्या बी डोळ्यात पानी. डोळे पुसून बघतो तर निम्मी खोली रिकामी. खुर्चीला वळसा घालून माणसं निघून गेल्याली. ग्रामसेवकानं डोकी मोजली, सभा तहकूब. पुढच्या आठवड्यात चार टाळक्यांनी ठराव फिरवला, आधी कमान मंजूर. तिची खडी येऊन पडली हाय, पोरं अजून ओट्यावरच.

परवा खुर्ची उचलून अण्णांच्या घरी द्यायला गेलो. कमलकाकू ज्वारी निवडत हुत्या.

"ह्यांची नक्कल झकास केलीस म्हनं," त्या म्हनल्या.

मी लाजून खाली बघितलं.

"मुडद्या, हे पुढं कधी उभे ऱ्हायले? दारात बसायचे. ने ती खुर्ची माघारी, अन् तोंड मिटून बस."