ग्रहणासाठी पुसलेली काच

अकोल्याच्या इंग्रजी शाळेच्या गच्चीवर दुर्बीण आली ती कापसाच्या पैशातून. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडे वऱ्हाडातल्या बोंडांना सोन्याचा भाव आला. त्या भरात बाळापूरच्या किसनराव दलालाने मुंबईहून दुर्बीण मागवली, तसबिरी काढायची पेटी मागवली, आणि दुर्बिणीतून शेजाऱ्याचं अंगण पाहून झाल्यावर दोन्ही शाळेला देऊन टाकल्या. लढाई संपली, भाव कोसळले, किसनरावाचा तोराही उतरला. भिंतीवर त्याच्या नावाची पाटी तेवढी राहिली.

आणि राहिला पुंजाराम. तो शाळेच्या मळ्याचा माळी. दुर्बीण गच्चीवर चढवणं-उतरवणं हे काम त्याला कुणी दिलं नव्हतं, ते त्याच्या गळ्यात पडलं होतं. संध्याकाळी वामनराव मास्तर मुलांना शनी दाखवत. मास्तर पुण्याकडचे, हुशार, आणि हुशार माणसाला बाकीचे जेवढे दिसतात तेवढेच त्यांना दिसत. पुंजारामची पाळी येईपर्यंत शनी ढगात गेलेला असे.

तसबिरीची पेटी हाताळायला शिकताना मास्तरांना न हलणारं माणूस हवं होतं. पुंजारामची बायको सत्यभामा भाजीची टोपली घेऊन बाजाराला निघाली होती, तिलाच त्यांनी उन्हात बसवलं.

"लवकर करा जी," टोपलीतल्या कोथिंबिरीकडे बघत ती म्हणाली, "सांबार सुकून राहिला."

पण बसली मात्र दगडासारखी. मास्तर खूश झाले. तसबीर उमटलेली काच पेटाऱ्यात ठेवली आणि म्हणाले, "मुंबईहून कागद आला की त्यावर उतरवून देतो."

त्या उन्हाळ्यात पटकीची साथ आली आणि सत्यभामा सकाळची संध्याकाळ न पाहता गेली. मूलबाळ नव्हतं. तिचा चेहरा आपल्या डोळ्यांसमोरून पुसट होत चालला आहे, हे पुंजारामला कळत होतं आणि त्याची त्याला फार भीती वाटत होती. तो मधूनमधून विचारी, "मास्तर, घरचीची तसबीर कवा उतरवता?" मास्तर म्हणत, "कागद येऊ दे." मग म्हणू लागले, "ग्रहण होऊ दे."

ग्रहण नेमकं पोळ्याच्या दिवशी होतं. पेटी दुर्बिणीला जोडून सूर्याची तसबीर काढायची, असं मास्तरांनी ठरवलं. मुंबईहून नव्या काचा आल्या त्या वाटेतच फुटून. आदल्या दिवशी त्यांनी जुन्या काचांचा पेटारा पुंजारामपुढे ठेवला. "राखेच्या पाण्याने चोळून लख्ख कर."

"घरचीची काच याच्यात असन ना?"

"असेल. ती दिसली की बाजूला ठेव."

पुंजाराम एकेक काच उजेडासमोर धरून नीट पाही आणि मगच पुसायला घेई. आरशात दिसावी तशी ती कुठेतरी दिसेल, असं त्याला वाटत होतं. कुठे झाड होतं, कुठे शाळेची कमान. एकीवर एक म्हातारी निघाली, काळ्याठिक्कर तोंडाची, पांढऱ्याफेक केसांची.

"मास्तर, हे बुढी कोन व्हय?"

मास्तर दुर्बिणीचे स्क्रू पिळत होते. मान वर न करता म्हणाले, "असेल कुणी. पूस."

बिचारी, असं मनात म्हणून पुंजारामने ती पुसली. सगळा पेटारा रिकामा झाला, सत्यभामा काही सापडली नाही. मास्तरांनी दुसरीकडे ठेवली असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली.

पोळ्याला सकाळी ग्रहण लागलं. सजवलेले बैल गोठ्यात थांबले होते. आभाळ भरलेलं होतं, पण एकदा ढग फाटले आणि चतकोर भाकरीएवढा सूर्य दिसला. मास्तरांनी तेवढ्यात साधलं. अंधाऱ्या खोलीतून ते काच नाचवतच बाहेर आले.

पुंजारामने पाहिलं. "सूर्य काळा काहून?"

"अरे, काचेवर सगळं उलटंच उमटतं. पांढरं ते काळं, काळं ते पांढरं. कागदावर उतरलं की सरळ होतं."

पुंजारामने काच पुन्हा उजेडासमोर धरली.

"म्हंजे काळे केस?"

"पांढरे दिसतात," मास्तर म्हणाले आणि ट्रंकेतून कोरे कागद काढू लागले.

"कागद होता तुमच्यापाशी?"

"ग्रहणासाठी राखून ठेवला होता रे." मास्तर मनापासून हसत होते. आज त्यांना सगळं जग आवडत होतं. सत्यभामाची आठवण त्यांना तेव्हाही झाली नाही. ही गोष्ट सांगतानाही हा एवढा एक राग माझ्या मनातून जात नाही.

पुंजाराम बोलला असता तर मास्तरांना वाईट वाटलं असतं, त्यांनी चार शब्द बरे सांगितले असते, आणि ते त्याला ऐकायचे नव्हते.

ग्रहण सुटलं. गाव आंघोळीला धावलं, बैल तोरणाखाली निघाले. पुंजाराम मळ्याच्या कुंपणापाशी गेला. काचा पुसलेल्या चिंध्या तिथे वाळत पडल्या होत्या, सगळ्या सारख्याच काळवंडलेल्या. ती कोणत्या चिंधीत आहे ते त्याला ओळखू येईना. म्हणून त्याने सगळ्याच गोळा केल्या आणि घरी नेल्या.