बिरादार सरांच्या बोटीचं इंजिन

“चाळीस हॉर्सपॉवरचं घेऊ, सलीमभाई. पॉवर जास्त असलेली बरी,” बिरादार सर म्हणाले.

लातूरला त्यांचा फिजिक्सचा क्लास जोरात होता. बाहेरगावची पोरं जागा मिळावी म्हणून ताटकळत. मी जहाजांवर इंजिनिअर होतो, आता गावी राहून बोटींच्या इंजिनांबाबत सल्ला देतो. सरांनी रत्नागिरीला अठ्ठावीस फुटी शिडाची बोट घेतली होती. तिचं जुनं इंजिन गंजलेलं. क्लास बंद करून नवरा-बायको किनाऱ्याकिनाऱ्यानं कोचीपर्यंत जाणार होते.

“सर, शीड असताना इंजिन लागतं कधी? वारा पडल्यावर, नाहीतर बंदरात शिरताना. बोटीचा वेग तिच्या लांबीवर ठरतो. त्यापुढं जोर लावला तरी ती नुसतं पाणी ढकलते. वीस पुरे.”

सरांना पटलं, पण मन मानेना. तेवढ्यात सरांच्या पत्नी शोभाताई चहा घेऊन आल्या.

“भाई, मला त्यातलं काय कळत न्हाई. पायजे तवा चालू हुईल ना वो?”

सरांनी चाळीसचा विषय तिथंच सोडला. भूकंपात शोभाताईंच्या वडलांना ढिगाऱ्यातून जिवंत काढलं होतं. दवाखान्यात न्यायला जीपही मिळाली, पण ती चालूच झाली नाही. दुसरी गाडी येईपर्यंत ते गेले.

मग मी शोभाताईंच्या प्रश्नावरच इंजिन निवडलं. दोन सिलिंडरचं, साधं, इलेक्ट्रॉनिक काही नाही. बॅटरी उतरली तर हँडल मारून चालू होणारं. थंड ठेवायला आत गोडं पाणी फिरणारं, म्हणजे खाऱ्या पाण्यानं आतून गंजत नाही. डिझेलच्या लाइनला दोन फिल्टर लावले. समुद्रात इंजिन बंद पडतं ते बहुतेकदा डिझेलमधल्या पाण्यानं आणि कचऱ्यानं.

ट्रायलला हँडल मी शोभाताईंच्याच हातात दिलं. दुसऱ्या झटक्याला इंजिन धडधडलं. त्या बराच वेळ त्यावर हात ठेवून बसल्या. म्हणाल्या, “आता येते मी कोचीला.”

“मग कधी निघताय?” मी सरांना विचारलं.

“ही बॅच निघाली की. पोरांचं वर्ष हाय, मधीच कसं सोडू?”

त्या बॅचचा निकाल फार चांगला लागला. त्यामुळं पुढची बॅच आणखी मोठी भरली. दर पावसाळ्यानंतर मी रत्नागिरीला जायचो, ऑइल बदलायचो, इंजिन थोडं चालवून यायचो. सर फोनवर म्हणायचे, “औंदा जमत न्हाई भाई. पुढच्या साली नक्की.”

एका उन्हाळ्यात शोभाताईंना अर्धांगाचा झटका आला. जो क्लास सरांना सोडवत नव्हता, तो त्यांनी आठवड्याभरात बंद केला. पण ताईंना आता खाटेवरून उठायलाही दोन माणसं लागत.

बोट विकायला काढली. गोव्याच्या गिऱ्हाइकानं विचारलं, “इंजिन किती चाललंय?”

“ट्रायलला, आणि दर वर्षी थोडंसं, बास,” मी म्हणालो. तो खूश झाला.

कागदांवर सह्या करून सर म्हणाले, “इंजिन चांगलं निवडलं होतं भाई तुम्ही.”

आता कुणी इंजिन कुठलं घेऊ म्हणून आलं, की मी आधी निघायची तारीख विचारतो. ती ठरली नसेल, तर इंजिनाची घाई नाही.