ताळा जुळलेली भिंत

पुंडलिक पेंटरनं हर्सूलच्या शाळेच्या भिंतीवर चार आणि सात या अंकांची अदलाबदल केली, आणि खाली ऐटीत सहीही ठोकली. लिहायचं होतं २१४७४८३६४७. लिहिलं २१७४४८३६४७. मग ताळा पाहिला, जुळला, आणि गडी घरी जाऊन गाढ झोपला.

कन्नडला सातवीपर्यंत शिकलेला माणूस. तीस वर्षं शहरभर दुकानांचे फोन नंबर रंगवतोय. नंबर झाला की अंकांची बेरीज करायची, कागदावरच्या बेरजेशी ताडायची, जुळली की ब्रश धुवायचा. "माझी चूक काढंल त्याला पावशेर इमरती," ही त्याची जुनी पैज. आजवर कुणी खाल्लेली नाही.

सकाळी नात प्रेरणा आरशासमोर भाषण घोकत होती. भिंतीवरची संख्या आज शाळेच्या कार्यक्रमात पाहुण्यांना तीच समजावणार होती.

"आबा, एकतीस वेळा दोन घेऊन गुणायचे, त्यातून एक वजा. ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः, तिसरं कुणी तिला भागतच नाय."

"दोन अब्जाच्या वर, आन् कुणीच नाय? लई एकटी गं बाई."

"मी म्हणणार, पाहुणे, भागून दाखवा!"

"म्हण की. ताळा बघितलाय मी. सेहेचाळीस."

"ताळ्याचं काय सांगता आबा? अंक इकडचे तिकडं झाले तरी बेरीज तीच येती."

पुंडलिकचा चहा बशीतच राहिला. काल ऐन रंगात एका स्कूटरवाल्यानं पत्ता विचारला होता, तेव्हा ब्रश कुठल्या अंकावर होता?

सायकल हाणत तो शाळेत पोचला. कागद भिंतीला लावला. चार आणि सात उलटे! पायरीवर खडूनं भागाकार मांडला. दोन, तीन, पाच, कुणी जाईना. सात मात्र अख्खा गेला, बाकी शून्य. म्हणजे पोरीनं "भागून दाखवा" म्हणायचं, आणि सातचा पाढा येणाऱ्या कुणीही तिला सगळ्यांदेखत तोंडघशी पाडायचं!

मागं खुर्च्या मांडल्या जात होत्या. टर्पेंटाइनच्या फडक्यानं त्यानं दोन अंक पुसले. नवा सात जरा वाकडाच आला.

"भागून दाखवा!" प्रेरणा म्हणाली. पहिल्या रांगेतल्या एका पाहुण्यानं खरंच मोबाईल काढला. पुंडलिकनं डोळे मिटले.

"सातनं... नाय जात. एक उरतो."

टाळ्या पडल्या.

प्रेरणाला सायकलवर मागं बसवून तो निघाला, तर वाटेवर दर दुकानाची पाटी त्याच्याकडं रोखून बघत होती. सगळ्यांचे ताळे जुळलेले. त्यातले किती फोन भलत्याच घरी वाजत असतील, देव जाणे.

"आबा, घाम का आलाय?"

"ऊन हाय."

इमरतीचं दुकान आलं. पोरीला पावशेर द्यायची, तर कशाबद्दल ते सांगावं लागणार. पुंडलिकनं मान दुसरीकडं वळवली आणि सायकल जोरात मारली.