ॲपमध्ये घाट नाही

लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात अर्जाखेरीज कोणी काही लिहिलेलं नाही, आणि ते अर्जही दुसऱ्याकडून लिहून घेतलेले. चुकलं तर समजून घ्यावं. पण हे मनात ठेवून माझा अभ्यास होत नाही.

आमचं गाव घाटाखाली, कॉलेज वर बुलढाण्यात. मी बाबांच्या सायकलने जातो. बाबा गवंड्याच्या हाताखाली काम करतात. सायकल मला दिल्यापासून ते कामावर पायी जातात.

यंदा कॉलेजात एक ॲप आलं. शहरात लोकांनी सायकल चालवावी म्हणून. जितकी चालवाल तितके गुण, गुणांवर हॉटेलची कूपनं, पहिल्याला गिअरची सायकल. मला वाटलं, हे तर आपण रोजच करतो. जुन्या मोबाइलवर ॲप घेतलं आणि मोबाइल पिशवीत गुंडाळून खिशात ठेवायला लागलो.

महिन्याने नोटीस बोर्डावर दोन याद्या लागल्या. एक गुण मिळवणाऱ्यांची. दुसरीचं शीर्षक होतं 'बनावट फेऱ्या', आणि तिच्यात मी एकटाच.

झालं होतं ते असं. सकाळी घाटाचा खडा चढ, सायकलला गिअर नाही. निम्मा घाट मी ती हातात धरून चालतो. ॲपने ते 'पायी' धरलं. संध्याकाळी उतारावर सायकल सुसाट सुटते, ब्रेक दाबून बोटं दुखतात. ॲपने ते 'मोटारसायकल' धरलं.

पहिला आलेला मुलगा कारच्या मागे सायकल बांधून मैदानावर येतो, चकरा मारतो आणि कारनेच घरी जातो. ते नियमात बसतं. माझा राग त्याच्यावर नाही.

ॲपचं काम बघणाऱ्या सरांकडे गेलो. ते म्हणाले, मशीन कशाला खोटं बोलेल. मी चाचरत म्हणालो, "सर, एकदा माझ्यासोबत घाट उतरून पाहा." स्टाफरूममधले सगळे हसले. तक्रार ॲपवरच नोंदव, असं मला सांगण्यात आलं. नोंदवली.

गावात ही गोष्ट माझ्याआधी पोचली होती. जेवताना बाबांनी विचारलं, "कोनाच्या गाडीवर जाऊन राह्यला तू?" मी सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कॉलेजवाल्यायनं छापलं. उगाच कोनी छापते काय?"

ज्या माणसाने माझ्यासाठी पायी चालणं पत्करलं, त्याला मी गाड्यांवर फिरणारा वाटलो. हे मला सहन होत नाही. कूपनं गेली खड्ड्यात. माझं नाव खोडा, आणि जिथे लावलं तिथेच लिहा की चूक झाली. एवढंच मी कॉलेजकडे तीनदा लेखी मागितलं. उत्तर आलं नाही.

काल वर्गातल्या मित्राचा फोन आला. "यादी काढली बे. आता तरी खूश हो."

मी विचारलं, माझ्याबद्दल तिथे काही लिहिलंय का.

"नाही. परीक्षेचं टाइमटेबल लावलं तिथं."