सासूबाईंचा थेंबांचा नेम

लग्न होऊन गिरगावातल्या चाळीत आले तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि जगातलं सगळं मला कळत होतं. मराठी चार यत्ता झाल्या होत्या, शिवाय एका मासिकातला व्यसनांवरचा निबंध मी दोनदा वाचला होता. एवढ्या भांडवलावर मी सासर सुधारायला निघाले.

सासूबाई आदल्या वर्षी चाळीच्या जिन्यावरून पडल्या होत्या. मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी पाय फळ्यांत बांधला आणि कळा सोसवेनात म्हणून अफूच्या अर्काचे थेंब दिले. पुढे हाड जुळलं, त्या लंगडत का होईना, हिंडूफिरू लागल्या. पण बाटली मात्र दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून भरून येतच राहिली. थेंबही वाढत गेले. वेळ टळली की त्यांना जांभयांवर जांभया येत, नाक गळू लागे आणि माझ्या पोळीत नाही नाही ते दोष दिसत. थेंब घेतले की पोथी मांडीवर तशीच आणि या डुलतायत. एवढी करारी बाई, हिला एवढंसं आवरू नये?

एकदा मी बोललेच. "सासूबाई, मनोनिग्रह केला तर माणसाला काहीही सोडता येतं."

"काल चिंच खाऊ नको म्हटलं तर कोनाड्यात तोंड घालून खाल्लीस," त्या म्हणाल्या. "आणि मला निग्रह शिकवतेस होय गं?"

आषाढी एकादशी आली. चातुर्मासात कांदा, वांगं घरात सगळ्यांनाच वर्ज्य. त्यावर बायका आपापला एकेक पदार्थ सोडायच्या. मी पान सोडलं. पान मला मुळात आवडतच नसे, असला माझा निग्रह! वर सासूबाईंना म्हटलं, "तुम्ही थेंब सोडा ना. देवापुढे पाणी सोडलं की मग मागे फिरायची सोयच नाही."

त्या बाटलीचा त्यांनाही वीट आला असावा. उठल्या आणि खरंच पळीभर पाणी सोडलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगावर काटा उभा राहिला तो बसेचना. डोळ्यांनाकातून पाणी, ओकाऱ्या, जुलाब, आणि दोन्ही पाय नुसते झाडत होत्या. शेजारच्या काकूंनी दारातूनच विचारलं, "पटकी नाही ना गं?" आणि उत्तर न ऐकताच दार लावून घेतलं. मी उशाशी बसून "धीर धरा, धीर धरा" म्हणत होते. अंगात त्राण असतं तर त्यांनी मला खिडकीतून खाली टाकलं असतं.

शेवटी हे धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आले. त्यांनी नाडी पाहिली आणि विचारलं, "थेंब कधी बंद केले?"

"काल. एकदम!" मी मान ताठ करून सांगितलं.

"म्हणजे कालपर्यंत चालूच होते?" त्यांनी नाडीवरचा हात काढला. मग म्हणाले, "हाड जुळल्यावर मीच ते उतरवायला हवे होते. बाई, हा मनाचा दुबळेपणा नव्हे. औषधाने अंगाला सवय लावली. एकाएकी काढून घेतलं की अंग असा आकांत करतं. पुन्हा सुरू करा, मग हळूहळू कमी करू."

"पाणी सोडलंय मी," सासूबाई म्हणाल्या. "मरेन, पण घेणार नाही."

"या वयात हे जुलाब झेपायचे नाहीत, आजी."

त्यांनी मान भिंतीकडे वळवली. आता मात्र मला रडू कोसळलं. माझा निबंध त्यांचा जीव घेणार, हे मला दिसत होतं.

मग त्या डोळे मिटूनच बोलल्या, "डॉक्टर, चांद्रायण ठाऊक आहे? वद्य पक्षात रोज एक घास कमी करत जायचं. थेंब सोडायचे खरे. पण एका दमात सोडीन असं मी देवाला कुठे म्हटलंय?"

डॉक्टर हसले. "चालेल. फक्त शुद्ध पक्षात घास वाढवतात, तसे थेंब वाढवायचे नाहीत. आहेत तिथेच थांबायचं. आणि बाटली सूनबाईंच्या हाती."

अशी मी थेंब मोजणारी झाले. वद्य पक्ष म्हणजे आमच्या घरात वादळ. "आज हात जरा सैल सोड गं, पोरी," त्या म्हणायच्या, तेव्हा त्यांचा आवाज लहान मुलासारखा व्हायचा. मनोनिग्रह हा शब्द माझ्या ओठांवर यायचा आणि मी तो गिळायचे. पुरचुंडीत मीठ गरम करून त्यांचा पाय शेकत बसायचे आणि चंद्र वाढू लागायची वाट पाहायचे. त्या पंधरवड्यात त्यांच्या अंगाला विसावा मिळे, मलाही.

दिवाळीच्या फराळाच्या गडबडीत शेवटचा थेंब संपला. पाय दुखायचा तो दुखतच होता, सकाळी फार. पण आता त्या जाग्या असायच्या आणि पोथी पुढे सरकायची.

कार्तिकी एकादशी झाल्यावर मी उत्साहाने उद्यापनाची तयारी मांडली. सासूबाई लंगडत आल्या, तबक पाहिलं आणि म्हणाल्या, "तुझ्या पानाचं कर. माझं उद्यापन नाही."

"अहो, पण नेम पुरा झाला ना?"

"पुरा झाला म्हटलं की दुसऱ्या दिवसापासून घ्यायला मोकळी होईन, शहाणे," त्या म्हणाल्या, आणि भिंत धरत पाय शेकायला चुलीपाशी जाऊन बसल्या.