न फोडलेली पिशवी

नव्या ब्लँकेटच्या पिशवीला प्लास्टिकचा आणि कच्च्या रंगाचा उग्र वास असतो. तो आला की मला चिचगडच्या शाळेचं पटांगण आठवतं. नाताळच्या दिवशी आमचा क्लब तिथं ब्लँकेट वाटायला गेला होता. लाल सांताटोप्या घालून आम्ही साडेआठलाच पोचलो, पण म्हातारी माणसं त्याआधीपासूनच गारठलेल्या मातीवर उकिडवी बसली होती. क्लबची रीत अशी, की प्रमुख पाहुण्यांच्या हातूनच वाटप सुरू करायचं, आणि पाहुणे अजून गोंदियाहून निघालेच नव्हते. एक आजी दोनदा उठून माझ्याकडे आली. "बाबू, बुढा घरी तापानं कापून राहिला. देऊन टाक ना, मले जाऊ दे." मी म्हणालो, "आजी, पाहुणे येऊ द्या, पहिला नंबर तुमचाच." पाहुणे दुपारी एकला आले. पहिलं ब्लँकेट खरंच तिला दिलं, फक्त फोटो नीट यावा म्हणून आणखी दोनदा उभं केलं. पुढच्या नाताळला ती पुन्हा आली, तेव्हा तीच पिशवी तिच्या काखेत होती, न फोडलेली. "मी घरी जाईस्तोर बुढा गेला होता," ती म्हणाली. "नवंच हाये. कोनाले तरी दे. पन सकाळीच दे." तो फोटो क्लबच्या हॉलमध्ये अजून लावलेला आहे. त्यात आम्ही सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसतोय, आणि आजी एकटी शाळेच्या फाटकाकडे बघतेय.